संरक्षणाचा हुकूम आणि त्याचा भंग



न्यायालयाचा हुकूम हा दिसावयास एक कागद असतो. चार ओळी मजकूर, खालीं सही आणि शिक्का. त्या कागदाला बळ येतें तें त्याच्या मागें जी शक्ति उभी असते तिच्यामुळें. कर्ज फेडण्याचा हुकूम असेल तर त्यामागें जप्ती असते. जागा खाली करून देण्याचा असेल तर बेलिफ असतो. परंतु नवऱ्याच्या किंवा सासरच्या माणसांच्या छळानें गांजलेल्या एखाद्या स्त्रीच्या रक्षणासाठीं जेव्हां न्यायालय फर्मावतें कीं, हिच्या अंगाला हात लावूं नये, ही जेथें नोकरी करते तेथें जाऊं नये, हिला पत्रानें, दूरध्वनीनें किंवा अन्य मार्गानें गांठण्याचा प्रयत्न करूं नये, तेव्हां त्या कागदामागें काय उभें असतें? आणि तो हुकूम एकदां मोडला, पुन्हां मोडला, तिसऱ्यांदा मोडला, तर कायद्याचें बळ त्या प्रमाणांत वाढतें काय? आजच्या भाषणांत याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हा विषय वकिलांच्या बैठकींतला आहे, सुखवस्तु घरांतल्या मंडळींना त्याचें काय, असें कोणास वाटण्याचा संभव आहे. त्यांनीं एक आंकडा ऐकावा. आपल्या देशांत २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, अठरा ते एकोणपन्नास वयाच्या विवाहित स्त्रियांपैकीं शेकडा सुमारे २९ स्त्रियांनीं नवऱ्याच्या हातून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. त्याच पाहणींतील दुसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. ज्यांच्या वांट्यास अशी हिंसा आली त्यांच्यापैकीं शेकडा ७७ जणींनीं ना कोणाचें साहाय्य मागितलें, ना कोणाजवळ शब्द काढला. म्हणजे जी स्त्री न्यायालयाची पायरी चढते, ती चौघींतल्या तिघी जें करीत नाहींत तें करून आलेली असते. इतकें धैर्य करून तिनें मिळविलेला हुकूम जर कोणी सहज पायाखालीं घालूं लागला, तर तिला काय वाटेल, आणि तिच्याकडे पाहणाऱ्या इतर जणी कोणता धडा घेतील, याचा प्रत्येकानें विचार करावा.

न्यायालयाला आपल्या हुकुमाची अप्रतिष्ठा सहन होत नाहीं, हें आपल्या मुंबईनें फार पूर्वीं पाहिलेलें आहे. रखमाबाईंचा खटला आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. बालपणीं झालेलें लग्न त्यांना मान्य नव्हतें. नवऱ्यानें १८८४ सालीं त्यांना नांदावयास पाठवावें म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयांत दावा लाविला. खालवर होतां होतां १८८७ च्या मार्चमध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम दिला कीं, एक महिन्याच्या आंत रखमाबाईंनीं नवऱ्याकडे जावें; न गेल्यास सहा महिने कैद. रखमाबाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दाखविली. पुढें १८८८ मध्यें तडजोड झाली, रखमाबाई डॉक्टर झाल्या, आणि अशा हुकुमाच्या भंगासाठीं कैद देण्याची तरतूद १९२३ मध्यें कायद्यांतून गेली. ही कथा येथें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, पत्नीनें नवऱ्याच्या घरीं जावें असा हुकूम असतांना तो मोडणारीस तुरुंगांत धाडावयास कायदा कचरत नव्हता. नवऱ्यानें पत्नीपासून दूर राहावें असा हुकूम, आणि तो मोडल्यास कैद, अशी सर्व देशासाठीं व्यवस्था व्हावयास मात्र त्यानंतर शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

ही व्यवस्था करणारा कायदा म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचें संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आला. त्यापूर्वीं छळ होणाऱ्या स्त्रीपुढें मुख्यतः दोन वाटा होत्या. एक, १९८३ सालीं दंडसंहितेंत घातलेल्या कलम ४९८-अ प्रमाणें फिर्याद करून नवऱ्यास व सासरच्यांस तुरुंगाच्या दारीं उभें करणें. आणि दुसरी, घटस्फोट. पुष्कळ स्त्रियांना या दोन्ही वाटा नको असतात. मारहाण थांबावी, डोक्यावरचें छप्पर राहावें, मुलांचा खर्च मिळावा, एवढीच त्यांची मागणी असते. नव्या कायद्यानें ही तिसरी वाट मोकळी केली. मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा, पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांच्या आंत व्हावी, साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, आणि प्रसंग निकडीचा असेल तर दुसरी बाजू येण्यापूर्वींच तात्पुरता हुकूम द्यावा, अशी त्याची योजना आहे. हुकुमाची प्रत स्त्रीला, प्रतिपक्षाला आणि त्या भागाच्या पोलीस ठाण्याला विनामूल्य द्यावयाची असते. तो हुकूम साऱ्या देशांत लागू असतो. पुण्यांत मिळालेला हुकूम नागपुरांत किंवा बंगळुरांत निरुपयोगी होत नाहीं.

या योजनेचें मर्म असें कीं, हुकूम दिवाणी स्वरूपाचा, पण त्याचा भंग मात्र फौजदारी गुन्हा. हुकूम मिळाला म्हणून नवरा गुन्हेगार ठरत नाहीं. त्याच्यापुढें एक रेघ ओढली जाते, आणि ती न ओलांडणें सर्वस्वीं त्याच्या हातीं असतें. ओलांडली तरच कलम ३१ जागें होतें. हा भंग दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे; पोलिसांना वॉरंटावांचून अटक करतां येते. एकट्या पीडित स्त्रीच्या साक्षीवरूनही गुन्हा घडल्याचा निष्कर्ष न्यायालयाला काढतां येतो, आणि शक्य तोंवर ज्या मॅजिस्ट्रेटनें हुकूम दिला त्यानेंच हा खटला चालवावा, असेंही कायदा सांगतो. इथपर्यंत कायद्याची दृष्टि निर्मळ आहे.

आतां शिक्षा पाहूं. एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या भंगाला ही कमाल मर्यादा आहे. दुसऱ्या भंगाला किती? तीच. पांचव्या भंगाला? तीच. आपल्या कायद्याला हुकूम मोडल्याचें समजतें, पण तो कितव्यांदा मोडला हें मोजण्याची सोय त्यानें स्वतःजवळ ठेवलेली नाहीं. न्यायाधीश सराईत माणसाला वरच्या मर्यादेजवळची शिक्षा देऊं शकेल हें खरें. परंतु ती मर्यादा ओलांडण्याचा अधिकार त्याला नाहीं, आणि केवळ दंडावर सोडून देण्याचा मार्ग पांचव्या वेळींही खुला असतो.

यांत बिघडलें काय, असें कोणी विचारील. प्रत्येक भंग हा स्वतंत्र गुन्हा आहे, प्रत्येकाची स्वतंत्र शिक्षा होईल, मग वाढीव शिक्षेची आवश्यकता काय? याचें उत्तर शोधण्यासाठीं हे भंग प्रत्यक्षांत कोणत्या स्वरूपाचे असतात तें पाहिलें पाहिजे. समजा, शिक्षिकेची नोकरी करणारी एक स्त्री आहे. नवऱ्यानें तिच्याशीं संपर्क साधूं नये आणि शाळेच्या आवारांत येऊं नये असा हुकूम आहे. सोमवारीं तो फाटकासमोर पानाच्या दुकानाशीं उभा राहतो. बोलत कांहींच नाहीं. बुधवारीं रात्रीं दूरध्वनि वाजतो आणि दुसऱ्या बाजूनें कोणी बोलत नाहीं. शुक्रवारीं तिच्या भावाला निरोप येतो कीं, बहिणीला समजावा, नाहीं तर बरें होणार नाहीं. पुढल्या आठवड्यांत तो वर्गाच्या दारांत उभा असतो. यांतील प्रत्येक गोष्ट सुटी करून ठाण्यावर सांगितली तर अंमलदार हंसेल: 'उभा होता, मारलें तर नाहीं ना?' पण त्या एकत्र केल्या म्हणजे त्यांचें रूप पालटतें. तो वेढा असतो. त्या स्त्रीला पुढचें पाऊल कोणतें तें कळत असतें, कारण तीं पावलें तिनें पूर्वीं घरांत पाहिलेलीं असतात.

म्हणून पहिला भंग आणि तिसरा भंग यांत केवळ संख्येचा फरक नाहीं. पहिला भंग रागाच्या भरांत होऊं शकतो, अज्ञानानें होऊं शकतो, मुलाला पाहण्याच्या ओढीनेंही होऊं शकतो, आणि न्यायाधीशानें तें सारें लक्षांत घ्यावें. दुसऱ्या वेळीं माणूस हुकुमाची धार अजमावून पाहत असतो. तिसऱ्या वेळीं त्यानें हिशेब केलेला असतो. वीस हजार रुपये आणि चार तारखा एवढी किंमत देऊन त्या स्त्रीची झोप उडवितां येते, हें त्याला उमगलेलें असतें. आपल्याकडे म्हण आहे, म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, काळ सोकावतो. दुर्बल हुकुमाच्या बाबतींत ती अक्षरशः खरी ठरते. पहिल्या भंगानें झालेली इजा कदाचित् लहान असेल. पण त्यानंतर कांहीं झालें नाहीं, हा जो अनुभव त्या माणसाला येतो तो मोठा घातक असतो.

वाढत्या शिक्षेचें तत्त्व आपल्या कायद्याला नवें आहे, असेंही नाहीं. १८६० च्या दंडसंहितेंतील ७५ वें कलम पाहा. खोटीं नाणीं पाडणें किंवा चोरी, दरोडा यांसारख्या मालमत्तेच्या गंभीर गुन्ह्यांत एकदां शिक्षा भोगलेल्या माणसानें पुन्हां तसाच गुन्हा केला, तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत वाढूं शकत असे. तेंच तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १३ व्या कलमांत कायम आहे. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्यांतही पहिला, दुसरा आणि तिसरा अपराध यांच्या पायऱ्या निरनिराळ्या आहेत. दारू पिऊन मोटार हांकणाराला पहिल्या वेळीं सहा महिन्यांपर्यंत, तर दुसऱ्या वेळीं दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. आणि सर्वांत जवळचें उदाहरण म्हणजे स्त्रीचा पाठलाग करून तिला सतावण्याचा गुन्हा. तो २०१३ सालीं कायद्यांत आला आणि आज न्याय संहितेच्या ७८ व्या कलमांत आहे. पहिल्या अपराधाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि जामिनाचा हक्क. पुन्हां केल्यास पांच वर्षांपर्यंत कैद, आणि जामीन हक्कानें नाहीं.

हीं कलमें शेजारीं शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे एक चमत्कारिक विसंगति नजरेस येते. चोरानें दुसऱ्यांदा चोरी केली कीं कायदा मोजतो. जुगाऱ्यानें दुसऱ्यांदा फांसे टाकले कीं मोजतो. परका माणूस रस्त्यांत दुसऱ्यांदा मागें लागला कीं मोजतो. परंतु न्यायालयानें नांव घेऊन, हातांत प्रत देऊन ज्याला बजावलें तो त्याच स्त्रीच्या दारीं पांचव्यांदा आला, तर २००५ च्या कायद्याची मोजणी एकावरच थांबते. ज्याला निश्चित सूचना मिळाली होती त्याचा अपराध अधिक निर्ढावलेला. पण त्यासाठीं पायरी नाहीं.

इतर देशांनीं या प्रश्नाचा विचार कसा केला तें थोडक्यांत पाहूं. इंग्लंडांत १९७६ च्या कायद्यानें अशा मनाई-हुकुमांना प्रथम अटकेची जोड मिळाली. परंतु दीर्घकाळ भंगाकडे न्यायालयाचा अवमान म्हणूनच पाहिलें जाई. १ जुलै २००७ पासून तो स्वतंत्र फौजदारी गुन्हा झाला आणि कमाल शिक्षा पांच वर्षें ठरली. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यानें पायऱ्यांचा मार्ग धरला. पहिला भंग सौम्य गुन्हा. आधीं शिक्षा झालेली असून दहा वर्षांच्या आंत पुन्हां भंग झाला तर अधिक गंभीर. आणि त्याच मुदतींत आधींच्या दोन शिक्षा असतील तर महागुन्हा, त्याला पांच वर्षांपर्यंत कैद. त्या कायद्यांत कैदेबरोबर समुपदेशनाचीही सक्ति आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यानें आणखी एक विचार केला. २०१३ पासून तेथें असा नियम झाला कीं, अठ्ठावीस दिवसांत तीन वेळां हुकूम मोडला तर तो 'सातत्यानें केलेला भंग' हा वेगळाच गुन्हा समजावा. साध्या भंगाला दोन वर्षांपर्यंत, तर याला पांच वर्षांपर्यंत कैद. मघां सांगितलेला तो वेढा कायद्यानें ओळखला तो येथें. प्रत्येक वेळीं आधींची शिक्षा झालेली असावी अशी अट नाहीं; खटला एकच, पण त्यांत सारी मालिका न्यायाधीशापुढें येते. खटल्यांना वर्षानुवर्षें लागणाऱ्या आपल्या देशाला हा मार्ग विशेष उपयोगी पडेल, असें वाटतें.

परंतु नुसती जबर शिक्षा म्हणजे रक्षण नव्हे, हें सांगणारें एक अत्यंत दुःखद उदाहरणही अमेरिकेंतच घडलें. कोलोरॅडो राज्यांतील कॅसल रॉक या गांवीं २२ जून १९९९ या दिवशीं, मनाई-हुकूम असतांना, विभक्त राहणाऱ्या बापानें तीन लहान मुलींना घराजवळून नेलें. हुकुमाच्या पाठीमागें पोलिसांसाठीं स्पष्ट सूचना छापलेली होती कीं, भंग झाल्यास अटक करावी. आईनें त्या सायंकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत पुनःपुन्हां पोलिसांना कळविलें. प्रत्येक वेळीं उत्तर मिळालें कीं, थोडें थांबा. पहांटे तो माणूस पोलीस ठाण्यावर गोळ्या झाडीत आला आणि मारला गेला. त्याच्या गाडींत तिन्ही मुलींचीं प्रेतें निघालीं. आईनें गांवाविरुद्ध लाविलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २७ जून २००५ या दिवशीं सात विरुद्ध दोन मतांनीं निकाल लागला कीं, हुकुमाची अंमलबजावणी पोलिसांकडून करवून घेण्याचा, राज्यघटनेनें रक्षिलेला असा हक्क तिला नव्हता. योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत आपल्या राष्ट्रपतींनीं आपल्या कायद्याला संमति दिली.

या उदाहरणाचा बोध जुनाच आहे. इटालियन विचारवंत बेकारिया यानें १७६४ सालीं अपराध व शिक्षा यांवरील आपल्या ग्रंथांत हें तत्त्व मांडलें कीं, शिक्षेच्या क्रूरतेपेक्षां तिची निश्चिति गुन्ह्याला अधिक आळा घालते. म्हणून वाढीव शिक्षेचा पुरस्कार करणाराला एक गोष्ट आधींच कबूल केली पाहिजे. पहिला भंग नोंदलाच गेला नाहीं तर दुसरा भंग दुसरा ठरतच नाहीं. जेथें ठाण्यावर 'घरचें भांडण आहे, मिटवून घ्या' असें म्हणून बाईला परत पाठवितात, तेथें तिसऱ्या भंगासाठीं पुस्तकांत पांच वर्षें लिहिलीं काय किंवा पंधरा लिहिलीं काय, सारखेंच. वरची पायरी बांधावयाची तर खालची आधीं पक्की पाहिजे.

आणखी दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा कीं, खोट्या तक्रारी करणाऱ्या कांहीं स्त्रिया वाढीव शिक्षेचा शस्त्रासारखा उपयोग करतील. हुकूमच अन्यायाचा असेल तर त्याविरुद्ध अपील आहे, तो बदलून घेण्याचा अर्ज आहे. तो मोडणें हा त्यावरचा उपाय नव्हे. आपण दिवाणी हुकुमांच्या बाबतींत हेंच मानीत आलों आहोंत. शिवाय वाढीव शिक्षा ही केवळ तक्रारीवरून व्हावयाची नाहीं. ती भंग शाबीत झाल्यावर व्हावयाची आहे. किमान शिक्षेची सक्ति मात्र घालूं नये, हा आक्षेपकांचा मुद्दा मान्य करावासा वाटतो. मुलाच्या आजारपणांत दवाखान्यांत धांवत आलेला बाप आणि रात्रीं दार ठोठावणारा माणूस यांच्यांत फरक करण्याची मोकळीक न्यायाधीशाला असलीच पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. नवरा तुरुंगांत गेला तर चूल कशावर पेटणार? ज्या स्त्रीला पोटगी त्याच्याच पगारांतून मिळावयाची, ती तीन किंवा पांच वर्षांच्या कैदेच्या धास्तीनें तक्रारच करणार नाहीं, आणि मग जबर शिक्षा उलट तिच्याच तोंडावर हात ठेवील. या आक्षेपांत सत्य आहे. म्हणूनच पायऱ्यांचा कायदा हा सरसकट कडक कायद्याहून बरा. पहिल्या वेळीं समज, समुपदेशन, जामिनाच्या कडक अटी. आणि कैदेची मोठी शिक्षा राखून ठेवावयाची ती अशा माणसासाठीं, ज्याच्या बाहेर राहण्यानें त्या बाईच्या चुलीपेक्षां तिच्या जिवालाच अधिक धोका आहे. २००६ च्या नियमांत आजही अशी सोय आहे कीं, भंगाच्या प्रकरणीं जामीन देतांना न्यायालयानें धमकी व संपर्क यांना मनाई करावी, घरापासून दूर राहण्यास सांगावें, हत्यार जवळ बाळगण्यास बंदी करावी. या अटींचा सढळपणें उपयोग झाला तर पुष्कळ तिसरे भंग घडणारच नाहींत.

तर मग करावयाचें काय? माझ्या अल्प मतीप्रमाणें चार गोष्टी व्हाव्यात. पहिली, कलम ३१ मध्यें पायऱ्या असाव्यात: पहिल्या भंगाला आजचीच शिक्षा, दुसऱ्याला तीन वर्षांपर्यंत, त्यापुढें पांच वर्षांपर्यंत, आणि थोड्या दिवसांत वारंवार होणाऱ्या भंगांचा एकत्रित विचार करणारा स्वतंत्र गुन्हा. यांत एक व्यावहारिक लाभही आहे. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालयानें घेण्यास आपल्या कायद्यांत मुदतही एकच वर्षाची आहे, आणि ती मर्यादा हुकुमाच्या भंगाला लागू पडते, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं म्हटलें आहे. शिक्षा तीन वर्षांची झाली कीं ही मुदतही तीन वर्षांची होईल. भीतीनें वर्षभर गप्प बसलेल्या बाईचें दार बंद होणार नाहीं. दुसरी गोष्ट, कलमाची भाषा स्पष्ट व्हावी. आज तें 'संरक्षण आदेश' एवढेंच म्हणतें. त्यामुळें घरांतून बाहेर न काढण्याचा किंवा पोटगीचा हुकूम मोडला तर तो या कलमांत येतो कीं नाहीं, याविषयीं निरनिराळ्या उच्च न्यायालयांत मतभेद झालेले आहेत. तिसरी, प्रत्येक हुकुमाची आणि प्रत्येक भंगाची अशी नोंदवही असावी, जी कोणत्याही ठाण्यावरील अंमलदाराला त्याच क्षणीं उघडतां येईल. जी स्त्री गांव बदलून गेली तिनें आपली सारी कहाणी पुनः पहिल्यापासून कां सांगावी? चौथी, अटकेविषयींचा गैरसमज दूर व्हावा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उठसूट अटक करूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बजावलें, आणि तें योग्यच झालें. परंतु पुढील गुन्हा घडूं नये म्हणून अटक करणें, हें कारण कायद्यानेंच वैध ठरविलें आहे. ज्यानें दोनदां हुकूम मोडला त्याच्या बाबतींत हें कारण कागदावर लिहिण्यास पोलिसांना अडचण पडूं नये.

पहिल्या तीन गोष्टी संसदेच्या आणि सरकारच्या हातच्या आहेत. चौथीला तर नव्या कायद्याचीही गरज नाहीं. परंतु एक गोष्ट आपल्या, म्हणजे हें भाषण घरीं बसून ऐकणाऱ्या मंडळींच्या हातची आहे. हुकूम मोडला जातो तो बहुधा न्यायालयापासून दूर, एखाद्या जिन्यावर, चाळीच्या गॅलरींत, सोसायटीच्या फाटकाशीं, आणि तेथें साक्षी असतात ते शेजारी. आपली बोलण्याची तयारी नसते. दुसऱ्याच्या घरांत कशाला पडा, हें आपलें शहाणपण. या शहाणपणाला कायद्यानें उत्तर देऊन ठेवलें आहे. २००५ च्या अधिनियमाचें चौथें कलम असें सांगतें कीं, हिंसा घडली आहे, घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे असें सकारण वाटणाऱ्या कोणाही व्यक्तीला संरक्षण अधिकाऱ्याकडे खबर देतां येते. आणि सद्बुद्धीनें दिलेल्या खबरेबद्दल त्या व्यक्तीवर दिवाणी किंवा फौजदारी कसलीही जबाबदारी येत नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत हे अधिकारी महिला व बाल विकास खात्याकडून नेमलेले असतात. स्त्रियांच्या साहाय्यासाठीं १८१ आणि तांतडीच्या प्रसंगीं ११२ हे क्रमांक आहेत. शेजारच्या बाईच्या दाराशीं तो माणूस पुन्हां आलेला दिसला, तर दिवस, वेळ आणि काय पाहिलें तें एका वहींत लिहून ठेवावें आणि विचारलें असतां सांगावें. हुकूम कितव्यांदा मोडला हें कायदा मोजावयास शिकेल तेव्हां शिकेल. तोंवर मोजणारे कोणी तरी असले पाहिजेत.